काळी चार की पांढरी पाच

मिरजेच्या आमच्या घरात कुठलंही नवं गाणं आलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पट्टी कोणती?" म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर. शब्द, राग, गायक, सगळं नंतर. बाबा पेट्या सुराला लावायचे. दुपारभर ओसरीवर एखादी पेटी उघडी पडलेली असे, आणि बाबा बारीक कानशीने पितळेची एकेक जीभ खरवडत बसलेले. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. एक घास जास्त गेला तर परत दुसऱ्या बाजूने. मी शाळेतून यायचे तेव्हा घरात एकच सूर घुमत असायचा, कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. त्यामुळे आमच्याकडे सूर ही चर्चेची गोष्ट नव्हती. घरात जसा उजेड असतो तसा तो असायचा.

मी नववीत असताना शेजारच्या मावशींनी एक कॅसेट आणून दिली. मावशी मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात गायच्या. त्यांच्या भाच्याने परदेशातून ही कॅसेट कुणाकडून तरी उतरवून पाठवली होती. वर पेन्सिलने फक्त 'स्तोत्र ५१' एवढंच लिहिलेलं. "हे बायबलातलं, दाविद राजाचं स्तोत्र," मावशी म्हणाल्या. "त्याच्या हातून मोठं पाप घडलं, नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर ते सांगितलं, आणि मग तो हे म्हणाला. आमच्याकडे राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, वाचतात."

भजनावर वाढलेल्या माझ्या कानाला ते आधी समजेचना. टाळ नाही, मृदंग नाही, पेटीसुद्धा नाही. नुसते गळे. सगळे मिळून एका जागी उभे राहतात आणि त्या एका स्वरमेळावर शब्द ओतत जातात, ओळीच्या शेवटी थोडं वळण घेतात. मग ते थांबतात आणि फक्त पुरुषांचा एकच आवाज, कथेकरी बुवा ओवी म्हणताना करतात तसा, एका सुरावर पुढची ओळ म्हणून टाकतो. मग दुरून आल्यासारखे चार-पाच आवाज येतात. त्यांत एक मुलाचा आहे. तो हळूहळू चढतो, थांबतो, आणि एका क्षणी उचलला गेल्यासारखा अशा जागी जाऊन पोचतो की मी हातातली वही खाली ठेवली.

बाबा कानस थांबवून ऐकत होते. समोरच्या पेटीवर त्यांचं बोट आपोआप उजव्या कडेला गेलं. "काळी एक," ते म्हणाले, "अगदी वरच्या सप्तकातली. आणि गाणं लागलंय काळी चारात." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "पोराने तो सूर पकडला नाही. तो त्याच्यावर नुसता टेकला."

ती कॅसेट मी पुढची दहा-बारा वर्षं ऐकली. परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकली, आजी गेली त्या आठवड्यात ऐकली. त्या गाण्याचा भाव माझ्यासाठी पक्का ठरून गेला होता. भल्या पहाटे थंडीत दार उघडल्यावर हवा जशी छातीत शिरते, तसा. स्वच्छ, हलका, थोडा बोचरा. स्तोत्रातले शब्द अनुतापाचे आहेत हे ठाऊक असूनही मला त्यात रडणं कधी ऐकू आलं नाही.

पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी हाती आली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा गायकवृंद, संचालक डेव्हिड विलकॉक्स, मार्च १९६३. खोलीवर येऊन लावली आणि काळजात धस्स झालं. हे माझं गाणं नव्हतं. तेच शब्द, तेच आवाज, पण सगळं जड झालेलं. पहाट नव्हतीच, तिन्हीसांजा होत्या. मुलाचा आवाज तिथेच चढत होता, पण आता त्यात जरा माणूसपण होतं, जरा ओझं होतं. मला वाटलं मुद्रण दुसरं असेल. शनिवारी सीडी घेऊन मिरजेला गेले. बाबांनी दोन ओळी ऐकल्या, पेटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही पांढरी पाच आहे. ती काळी चार होती. तुझी कॅसेट पळत होती इतकी वर्षं."

फितीवर आणि तबकडीवर सूर आणि लय यांची गाठ मारलेली असते. ज्या यंत्रावर कॅसेट उतरवली त्याची मोटर जरा मंद फिरत असेल, तर ती फीत नीट चालणाऱ्या यंत्रावर जोरात पळते. जोरात पळाली की गाणं आटोपशीर होतं आणि सूरही चढतो. शेकडा सहा इतका वेग वाढला की अर्धा सूर वर. बारा मिनिटांच्या गाण्यात चाळीस सेकंद कमी. चाळीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ते प्रत्येक श्वासातून, प्रत्येक थांब्यातून थोडे थोडे कापलेले असतात. शिवाय आवाजाचा पोतही बदलतो. मोठ्या माणसाचा गळा थोडा कोवळा होतो, मुलाचा अधिकच कोवळा. मी ज्याला पहाट म्हणत होते, त्यात त्या मोटरीचा वाटा होता.

हे कळल्यावर मी काही महिने ते गाणं ऐकलंच नाही. फसवल्यासारखं वाटत होतं, आणि फसवणारा तर कुणी नव्हता. मग ते गाणं मुळात आहे काय, याच्या मागे लागले. आणि तिथे जे सापडलं त्यामुळे माझी कॅसेट मला पुन्हा जवळची वाटू लागली.

ग्रेगोरिओ अल्लेग्री हा पोपच्या गायकवृंदातला गायक. १६२९ मध्ये तिथे दाखल झाला, १६५२ मध्ये वारला. कॅसेटवरचं ते गाणं म्हणजे त्याची 'मिझेरेरे' ही रचना, १६३० च्या दशकातली. म्हणजे आपल्याकडे रामदासांचा काळ, करुणाष्टकांचा काळ. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये, पोपच्या प्रार्थनामंदिरात, ती ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गात. प्रार्थना पुढे सरके तशा एकेक करून मेणबत्त्या विझवत नेत, आणि अंधार पडत आल्यावर हे स्तोत्र येई. पाच आवाजांचा एक गट, चार आवाजांचा दुसरा, मधूनमधून एकसुरी पठण, आणि अगदी शेवटी दोन्ही गट मिळून नऊ आवाज.

आता कागदावर अल्लेग्रीने काय लिहिलं होतं? फार थोडं. एका स्वरमेळावर शब्द म्हणायचे, शेवटी समेवर आल्यासारखं वळायचं, झालं. बंदिशीचा नुसता सांगाडा. खरी जादू होती त्या चॅपेलच्या गायकांच्या गळ्यात. ते त्या सांगाड्यावर जे अलंकार घालत, ते लिहिलेले नसत. जुन्याकडून नव्याने ऐकून उचलायचे. असं सांगतात की व्हिएन्नाच्या सम्राटाने मोठ्या हौसेने नक्कल मागवून आपल्या दरबारात हे गाऊन घेतलं, आणि ते इतकं साधं निघालं की आपल्याला भलतीच चीज पाठवली असं त्याला वाटलं. ही गोष्ट कुणाही ख्याल ऐकणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश वाचून कुणाला घराणं ऐकू आलंय? चौदा वर्षांच्या मोझार्टने १७७० मध्ये हे गाणं ऐकून स्मरणातून उतरवलं ही कथा सगळीकडे सांगितली जाते. मला त्या कथेपेक्षा या सम्राटाची निराशा जास्त महत्त्वाची वाटते. मोझार्टला सांगाडा मिळाला असेल. सम्राटालाही तोच मिळाला होता.

आणि तो वरचा सूर? ज्याच्यासाठी जग हे गाणं ऐकतं, ज्याच्यावर बाबांचं बोट गेलं होतं, तो अल्लेग्रीने लिहिलेलाच नाही.

पोपचा वृंद वाद्यांशिवाय गायचा, त्यामुळे पट्टी बांधलेली नव्हती. त्या दिवशी गळ्यांना जिथे सोसेल तिथे सूर लावायचा, भजनी मंडळात बुवा लावतात तसा. १८३१ मध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोन रोममध्ये होता. त्याने ऐकलं तेव्हा गायक ते बरंच वरून गात होते, मूळ षड्जाच्या जागी मध्यम धरावा इतकं वरून. त्याने ऐकलं तसं टिपून ठेवलं. पुढे १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रोव्हच्या संगीतकोशात या रचनेवर लेख आला, आणि त्यात नमुन्यादाखल दिलेल्या तुकड्यात घोटाळा झाला. ओळीचा पहिला अर्धा भाग एका पट्टीतला आणि दुसरा अर्धा मेंडेल्सोनच्या वरच्या पट्टीतला, असे दोन एकाला एक जोडले गेले. त्या सांध्यावर गाणं अचानक उचललं जातं. आपल्या भाषेत, चालत्या गाण्यात सा बदलून मध्यमाला सा केलं, आणि तेही कुणी न ठरवता. १९५१ मध्ये वूस्टर कॅथीड्रलच्या आयव्हर अ‍ॅटकिन्स यांनी इंग्रजी शब्दांची जी प्रत सिद्ध केली, तिच्यात हा सांधा तसाच आला. किंग्जच्या मुलांनी १९६३ मध्ये गायली ती हीच प्रत.

हे वाचलं त्या रात्री मी बाबांना फोन केला. ते हसले नाहीत, चकितही झाले नाहीत. म्हणाले, "जोड कुठे आहे ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पण जोड सुरेल आहे." त्यांच्या मते प्रश्न तिथेच संपला होता.

माझ्या मनात मात्र तो सांधा राहिला. ज्या ओळीत तो येतो तिचा अर्थ आहे, मला माझ्या दुष्कर्मापासून धुऊन काढ, पापापासून स्वच्छ कर. खाली वाकून, छातीवर हात मारून म्हणायची ओळ. मूळ चालीत ती तशीच आहे, जमिनीला धरून. आणि नकलेतल्या या चुकीने तीच ओळ वर उचलली. मागणं मागत असतानाच ते मान्य झाल्यासारखं वाटतं. बारा मिनिटांत हे पाच वेळा होतं. अल्लेग्रीने अनुताप लिहिला होता. आपण ऐकतो ती क्षमा आहे, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी त्या गाण्यात आली. मला हे फार मोलाचं वाटतं.

लयीचं सांगायचं तर त्या वास्तूबद्दल सांगावं लागेल. किंग्जचं चॅपेल ८८ मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम १२ मीटर, एखाद्या दगडी बोळासारखं. छत २४ मीटर वर, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन वॉस्टेल या गवंड्याने तीन वर्षांत उभारलेलं. दगडाचे पंखे उलगडून एकमेकांत अडकवल्यासारखं दिसतं. तिथे म्हटलेला शब्द लगेच मरत नाही. तो वर जातो, फिरतो, पुढच्या शब्दाच्या अंगावर येतो. अशा जागी घाई केली तर सगळा चिखल होतो. आम्ही शाळेच्या सहलीला विजापूरच्या गोलघुमटात गेलो होतो, तिथे सगळी मुलं एकदम ओरडली तेव्हा कुणाचंच नाव कुणाला ऐकू आलं नाही. मग आमच्या बाई म्हणाल्या, एकाने बोला आणि थांबा. त्या थांबण्यात खरा घुमट ऐकू आला. विलकॉक्स यांची लय ही त्या थांबण्याची लय आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते दगडाला बोलू देतात.

भजनात लय चढते. अभंग सावकाश सुरू होतो, टाळ जवळ जवळ येऊ लागतात, गजराला पोचेपर्यंत माणूस जागेवर बसू शकत नाही. इथे तसं काही होत नाही. पहिल्या कडव्याला जी चाल, तीच शेवटच्या कडव्याला. तरी कंटाळा येत नाही, कारण मधली एकसुरी ओळ दर वेळी कान रिकामा करते. पेटी लावताना बाबा मधूनच भाता सोडून स्वस्थ बसायचे. विचारलं तर सांगायचे, कान धुवायला हवेत.

सोळा मुलं असतात त्या वृंदात, सहाव्या हेन्री राजाने ठरवून दिल्यापासून. १९६३ च्या त्या मुद्रणात वरचा आवाज आहे रॉय गुडमनचा. वय वर्षं बारा. त्या दुपारी तो रग्बी खेळून धावतपळत आला आणि त्यालाच गायचंय हे आयत्या वेळी कळलं, असं सांगतात. मोठेपणी तो व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदाचा संचालक झाला. त्याच्या आयुष्यात तो आवाज फार तर एक-दोन वर्षं आणखी टिकला असणार, मग गळा फुटला. बाबा म्हणाले होते तो सुरावर नुसता टेकला, ते अगदी खरं होतं. बारा वर्षांच्या मुलाला त्या सुराची भीती नसते, कारण त्याला तो अवघड आहे हे अजून कुणी पटवून दिलेलं नसतं.

मुळात हे आवाज मुलांचे नव्हतेच. अल्लेग्रीच्या काळी पोपच्या वृंदात वरचे सूर गायला असे पुरुष असत, ज्यांचा गळा फुटू नये म्हणून लहानपणीच त्यांना खच्ची केलेलं असे. त्या क्रूरतेतून आलेला एक शेवटचा आवाज जगाकडे शिल्लक आहे. अलेस्सांद्रो मोरेस्की, जन्म १८५८. ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी १९०२ मध्ये रोममध्ये त्याचं आणि सिस्टीनच्या वृंदाचं गाणं तबकड्यांवर घेतलं. त्याच कंपनीची माणसं त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला गायिका गौहर जानसमोर भोंगा मांडून बसली होती. त्या काळच्या तबकड्या सगळ्या एकाच वेगाने घेतलेल्या नसत, त्यामुळे आज त्या कोणत्या वेगाने वाजवायच्या हा प्रश्न राहतोच. जरा जोरात फिरवली तर मोरेस्कीचा आवाज बाईचा होतो, जरा हळू फिरवली तर माणूस दमलेला वाटतो. माझ्या कॅसेटची गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक ती गंमत म्हणून ऐकतात. मोरेस्की ऐकल्यापासून मला ती गंमत वाटत नाही. एका माणसाचं सगळं दुःख चक्राच्या दोन-चार फेऱ्यांवर अवलंबून राहतं.

नंतर मी या रचनेची इतरही मुद्रणं ऐकली. टॅलिस स्कॉलर्स या इंग्लिश गायकवृंदाचं १९८० चं, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपेलमधलं, लॅटिनमध्ये आहे. वरचा आवाज प्रौढ स्त्रीचा, सरळ, धारदार, काचेसारखा. फार सुंदर आहे आणि मला परका आहे. फ्रान्सच्या 'आ सेई व्होची' या गटाने १९९० च्या दशकात जुन्या पद्धतीचे अलंकार घालून गायलंय. ते बाबांना सगळ्यात आवडलं. सूर लावून त्याच्याभोवती फिरणं, खटका घेऊन उतरणं, हे त्यांच्या ओळखीचं होतं. "ही माणसं गातायत," ते म्हणाले. "ती पहिली माणसं प्रार्थना करतायत." दोन्हींपैकी मोठं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

मावशी आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे चर्चला जाता येत नाही. यंदा राखेच्या बुधवारी मी मिरजेत होते, म्हणून संध्याकाळी त्यांना आमच्या ओसरीवर घेऊन आले. मोबाइलवर किंग्जचं मुद्रण शोधत होते, नेट रखडत होतं. "तेच का गं, कॅसेटवालं?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत त्या गुणगुणू लागल्या. पहिली ओळ, त्यांच्या खालच्या गळ्यात, थरथरत, पण शब्द न चुकता. कॅसेट कधीच तुटून गेली होती. त्यांनी ती वीस वर्षांत ऐकलेली नव्हती.

बाबांनी पेटीचा भाता उघडला. पांढरी पाचवर बोट नेलं, ऐकलं, आणि ते बोट शेजारच्या काळीवर सरकवलं. काळी चार. अगदी तीच. फोनवर गाणं सुरू होत होतं, ते मी बंद केलं. बाबा भाता हलवत तो एकच सूर धरून राहिले, आणि मावशी पुढची ओळ म्हणत गेल्या.